राजवाड्याच्या पायरीवरचा फिंजान

बाबांनी मला पहिल्यांदा कामावरून काढलं, तेव्हा मला कामावर येऊन तासही झाला नव्हता.

श्रीवर्धनच्या बाजूचा मी, आठवीतून शाळा सोडलेला. विमानात पाण्याच्या घोटापलीकडे काही घेतलं नव्हतं, कारण समोर ठेवतात त्याचे नंतर पैसे मागतात की काय, हे ठाऊक नव्हतं. मालकाच्या थोरल्या मुलाने मला कुवेतच्या एअरपोर्टवरून उचलून घराच्या अंगणात आणून सोडलं. तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर एक वाळका म्हातारा बसला होता. पांढरा पायघोळ झगा, डोक्याला रुमाल, पायात मात्र आपल्याकडे मासे विकायला बसणाऱ्या बायका घालतात तसल्या रबरी चपला. मी सलाम केला. त्याने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "काय रं मेल्या, जेवलास का?"

मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. भिंत होती आणि भिंतीवर मांजर. मला वाटलं, ऊन लागलं. आपल्या गावची बाई जशी दारातून हाळी देते तशी ती हाक, आणि तोंड अरबाचं.

"जेवलो," मी कसंबसं म्हणालो.

"खोटं बोलतोस! तोंड बघ, सुकट झालंय. माझ्या घरात पाय ठेवून पहिलाच शब्द खोटा? खलास! कॅन्सल! उद्याच्या विमानात बसवते तुला!"

आखातात पोट भरणाऱ्या माणसाला 'कॅन्सल' हा शब्द कसा लागतो, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. व्हिसा कॅन्सल म्हणजे इथलं तुमचं सगळंच पुसलं गेलं. मी तिथेच बॅगेवर बसलो आणि रडायला लागलो. तेवढ्यात माझ्यासमोर भात आणि अख्खं तळलेलं पापलेट आलं, आणि म्हातारा बाजूला उकिडवा बसून काटे कुठे आहेत ते बोटाने दाखवायला लागला.

इथे घरकामाला असलेले सगळेच मालकाला 'बाबा' म्हणतात, तसा मीही म्हणायला लागलो. बाबांचे वडील मोत्यांच्या आणि खजुराच्या धंद्यासाठी मुंबईला बिऱ्हाड करून होते. तेल निघायच्या आधी इथल्या बऱ्याच व्यापाऱ्यांचं तसंच होतं. बाबांचं लहानपण तिथे गेलं आणि त्यांना सांभाळायला अलिबागकडची एक आया होती. दहा-अकरा वर्षांचे असताना ते इकडे परतले. पण त्या बाईची भाषा त्यांच्या तोंडात होती तशीच राहिली. त्यामुळे ऐंशी पार केलेला, शहरात दोन इमारती असलेला हा माणूस मराठीत स्वतःबद्दल 'मी येते', 'मी सांगते' असंच बोलायचा, आणि चिडला की नळावरच्या बाईसारखे शिव्याशाप द्यायचा. मी कधी दुरुस्ती केली नाही. कुणाची हिंमत! आणि खरं सांगायचं तर परक्या मुलखात असं कुणी 'जेवलास का रं' म्हणत असेल, तर ते दुरुस्त कशाला करायचं?

बाबा मला आठवड्यातून एकदा तरी कॅन्सल करायचे. चहा जास्त उकळला, कॅन्सल. सिग्नलला पिवळा असताना गाडी काढली, कॅन्सल. पिवळा असताना थांबलो, तरी कॅन्सल. "भित्रा ड्रायव्हर मला नको." पहिलं वर्षभर मी दर वेळी खोलीवर जाऊन बॅग भरायचो. बायकोला फोन करायचो, "येतोय बहुतेक." ती बिचारी शेजारणीला सांगून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून हॉर्न वाजायचा, लांबच लांब, आणि पाठोपाठ आवाज, "मेला का काय? गाडी काढ!" नंतर नंतर बायकोच विचारायला लागली, "ह्या आठवड्यात काढलं नाही का अजून? तब्येत बरी आहे ना त्यांची?"

ऐकलेल्या गोष्टीवर बाबांचा विश्वास बसायचा नाही, डोळ्यांनी बघायची असायची. रेडिओवर एकदा सांगितलं की सौदीच्या सीमेवर पाऊस पडतोय. बाबांनी मला उठवलं, "चल, बघते." दीड तास गाडी हाकली. सीमेच्या चौकीजवळ खरंच चार थेंब पडत होते. बाबा खाली उतरले, जीभ बाहेर काढून उभे राहिले, आणि परत बसून म्हणाले, "खरं बोलतात. चल." चौकीवरचा पोलीस आमच्याकडे बघत होता तसा मीही बाबांकडे बघत होतो.

घराच्या बाहेरच्या अंगाला त्यांची दिवानिया होती. दिवानिया म्हणजे पुरुषांची बैठक, भिंतीला लागून गाद्या आणि तक्के. संध्याकाळी कुणीही यावं, बसावं, बोलावं, उठून जावं. बाबांच्या दिवानियाचं दार कधी लागायचं नाही. आत एसी, बाहेर पन्नास डिग्री, आणि दार सताड उघडं. मुलं कपाळावर हात मारायची. "दार लावलं की माणूस विचार करतो, ठोठावू की नको," बाबा म्हणायचे. "विचार करून आलेला माणूस मला नको."

तिथे कॉफी द्यायचं काम माझं. डाव्या हातात उंच चोचीचं भांडं, उजव्या हातात बिनकानाचे छोटे पेले, त्यांना फिंजान म्हणतात. तळाला असेल एवढीच ओतायची. पाहुण्याने पेला हातात हलवला की पुरे, नाही हलवला तर पुन्हा ओतायची. ओतणाऱ्याने बसायचं नाही, बोलायचं नाही. मला ते बरं वाटायचं. न बोलता उभं राहणं मला जमतं.

माझा बाप गेला तेव्हा मला घरी जाता आलं नाही. तिकीट मिळेपर्यंत माती झाली होती. मी सकाळी नेहमीसारखा भांडं घासायला लागलो, तर बाबांनी ते हातातून ओढून घेतलं. त्यांनी तीन संध्याकाळी दिवानिया माझ्या बापासाठी मांडली. श्रीवर्धनच्या एका खलाशासाठी इथले व्यापारी, बँकवाले, एक निवृत्त जज्ज, रांगेने येऊन माझा हात हातात घेत होते. मला बाबांनी स्वतःच्या शेजारी बसवलं होतं, शेजारच्या घरातला बंगाली कॉफी ओतत होता. मला रडूही येत नव्हतं, इतका मी हबकलो होतो. चौथ्या दिवशी मी चहात साखर विसरलो आणि कॅन्सल झालो.

असा माणूस. आता त्याच्याकडे काही मागायचं म्हणजे कुठल्या तोंडाने मागायचं?

आणि मागायची वेळ आली होती. दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. थोरला मुलगा एकदा गाडीत मला सरळ म्हणाला, हिंदीतच, "बाबा है तब तक तू है. उसके बाद दिवानिया भी बंद, ड्राइवर भी बंद." त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या घरी दोन ड्रायव्हर होते. पण माझी मुलगी पनवेलला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. बाबांचं वय बघून मला झोप लागायची नाही. ते खोकले की मी मनात पोरीच्या फीचा हिशेब मांडायचो, आणि मग स्वतःचीच शरम वाटायची, की हा माणूस खोकतोय आणि तू कुणासाठी घाबरतोस?

त्याच उन्हाळ्यात सरकारने मुभा दिली, की घरकामाच्या व्हिसावरचा माणूस मालकाच्या संमतीने कंपनीच्या व्हिसावर जाऊ शकेल. दोनच महिने. एरवी हे दार बंदच असतं. कुवेतमध्येच फरवानिया भागात आमच्या म्हसळ्याकडच्या एका शेठची बेकरी आहे. तो म्हणाला, "टेम्पोवर ये. पण मालकाची सही घेऊन ये लवकर. मला थांबता येणार नाही." मी रोज ठरवायचो, आज विचारतो. रोज बाबा म्हणायचे, "जेवलास का?" आणि मी म्हणायचो, "जेवलो."

त्यात दिवानियात एकाने फोनवर फोटो दाखवला. ग्रीस देशात, अथेन्सला, राजाचा जुना राजवाडा आहे, आणि आता त्यात तिथलं पार्लमेंट बसतं.

बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "राजाच्या घरात लोकांची दिवानिया? आणि राजा कुठे बसतो?"

"राजा नाही आता."

"खोटं." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर मराठीत, "तयारी कर. मी बघते."

मुलांना वाटलं थट्टा आहे. बाबा डोळ्यांच्या तपासणीला दर वर्षी लंडनला जायचे, मुलं बरोबर असायची. या वेळी त्यांनी मुलांना नेलंच नाही, मला नेलं. व्हिसा लागेपर्यंत मुभेचा एक महिना संपत आला. मी विमानात बसलो तेव्हा मनात एकच होतं, की ते दार तिकडे मिटत चाललंय आणि मी इकडे राजवाडा बघायला चाललोय.

कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, हा बाबांचा नियम. म्हणून हॉटेलच्या खोलीत विजेच्या किटलीवर मी वेलदोड्याची कॉफी उकळली, थर्मासात भरली, पेले रुमालात गुंडाळले, खजुराचा डबा घेतला. बाबांनी स्वच्छ झगा, वर काळा बिश्त घातला, लग्नाला घालतात तो. पायात त्याच रबरी चपला. आम्ही निघालो पार्लमेंटला पाहुणे म्हणून.

राजवाडा म्हणजे मला वाटलं होतं घुमट असतील, सोनं असेल. पिवळट रंगाची सरळसोट मोठी इमारत, पुढे खांब, आमच्या तालुक्याच्या कचेरीला शंभर पटीने फुगवल्यासारखी. खाली भिंतीजवळ दोन शिपाई उभे. त्यांचा पोशाख बघून मी गपकन थांबलो. चुण्यांचा झगा, पांढरे मोजे, आणि बुटांवर हे एवढे मोठे काळे गोंडे! हातात बंदूक. पुतळ्यासारखे, पापणीसुद्धा हलत नाही. माणसं त्यांच्या बाजूला उभी राहून फोटो काढत होती.

आत जायला पासपोर्ट मागितला. माझा पासपोर्ट बाबांच्या खिशात असतो. त्यांनी दोन्ही काढून दिले. मशीनमधून थर्मास गेला आणि थांबवला गेला. आत न्यायचा नाही.

"पाहुण्याची कॉफी दारात ठेवतात?" बाबा इंग्रजीत गरजले. त्यांचं इंग्रजी माझ्या मराठीपेक्षा चांगलं होतं. "हे घर आहे की जेल?"

मी त्यांच्या बाहीला हात लावला, "बाबा, चला, बाहेर आल्यावर घेऊ." ते ऐकले, पण पहारेकऱ्याकडे असं बघून आत गेले, की त्याच्या सात पिढ्या हादरल्या असतील.

आम्हाला फिरवणारी एक तरुण पोरगी होती, चष्मेवाली, गोड बोलणारी. सोबत आणखी दहा-बारा माणसं. संगमरवरी जिना, भिंतींवर चित्रं, आणि माझ्या चपलांचा आवाज होतो म्हणून मी चवड्यांवर चालत होतो. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "स्वयंपाकघर कुठे आहे?" पोरगी हसली, म्हणाली, तो भाग दाखवत नाहीत. "स्वयंपाकघर न दाखवता घर दाखवतात," बाबा मला म्हणाले. "मी घर बघितलं नाही, असंच सांगीन."

ती सांगत होती आणि बाबा मला एकेक वाक्य मराठीत करून देत होते. इथे राजा राहायचा. मग आग लागली, राजाचं घराणं दुसरीकडे गेलं. मग घर सोडून पळून आलेली माणसं, अनाथ पोरं इथे राहिली. मग पार्लमेंट आलं. मला त्या चकचकीत खोल्यांमध्ये बोचकी घेऊन बसलेली माणसं दिसायला लागली. राजाच्या खोलीत! आणि ती गेल्यावर फरशी पुन्हा एवढी चकचकीत कुणी केली असेल?

मोठ्या सभागृहात आलो. अर्धगोल रांगा, लाल खुर्च्या. बाबा काठीवर रेलून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मागणारा कुठे बसतो?"

पोरीला कळेना. बाबांनी समजावलं, "माझ्या दिवानियात माझ्या उजव्या हाताला एक जागा रिकामी असते. ज्याला काही मागायचं आहे, तो तिथे येऊन बसतो. इथे ती कुठली?"

तिने वरची गॅलरी दाखवली. लोक तिथे बसू शकतात. पण बोलता येत नाही. बोलायचं ते निवडून दिलेल्या माणसांनी.

"म्हणजे घर लोकांचं, आणि बोलायचं नाही."

"त्यांच्या वतीने बोलतात, सर."

"मागणाऱ्याच्या वतीने दुसरा मागतो?" बाबांना खरोखर धक्का बसला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ऐकतोस? दुसरा मागतो! दुसऱ्याला काय ठाऊक पोटात काय आहे?"

कुणीतरी बाबांना विचारलं, तुमच्याकडे पार्लमेंट आहे का. बाबांनी उत्तर दिलं. ते काय होतं ते मी लिहीत नाही. मी परक्या मुलखात पोट भरणारा माणूस आहे.

बाहेर आलो, थर्मास ताब्यात घेतला, आणि मला वाटलं सुटलो. तर बाबा सरळ त्या गोंडेवाल्या शिपायाकडे निघाले. "हा उन्हात उभा आहे. ह्याला कोणी विचारलं का, जेवलास का?"

"बाबा, त्याला हलायची परवानगी नाही."

"हलू नको दे. पिऊ दे."

त्यांनी माझ्या हातातून पेला घेतला, स्वतः ओतली, आणि शिपायाच्या नाकासमोर हात धरला. शिपाई समोर बघतोय. बाबा हात धरून उभे. आता त्यांच्यातली रीत अशी, की पुढे केलेला पेला मागे घ्यायचा नाही. तो पाहुण्याचा झाला. बाबांचा हात थरथरायला लागला, कॉफी तळाशी डुचमळायला लागली, पण हात मागे येईना. लोकांनी फोन वर केले. मी मनात कलमा म्हणायला लागलो. बंदूकवाल्या शिपायाला त्रास दिला म्हणून पकडतील. पासपोर्ट जप्त. कुवेतला कळेल. बेकरी गेली, पोरीचं शिक्षण गेलं.

साध्या गणवेशातला दुसरा एक सैनिक धावत आला. या पुतळ्यांचा घाम पुसायला, टोपी सरळ करायला एक माणूस असतो, तो. त्याने हातवारे केले, मागे व्हा. बाबा म्हणाले, "नो." त्याने पुन्हा सांगितलं. "नो." मग त्या पोराने बाबांच्या थरथरत्या हाताकडे बघितलं, काय वाटलं त्याला कोण जाणे, पेला घेतला आणि स्वतः पिऊन टाकला. तोंड असं वेडंवाकडं केलं, की औषध प्यायलाय. पेला परत दिला. पण हलवला नाही! कुठून ठाऊक असणार? बाबांनी पुन्हा ओतली. तो पुन्हा प्यायला. पुन्हा ओतली. बिचाऱ्याला वाटलं हा सगळा थर्मास संपवावा लागणार. शेवटी मी बाबांच्या पाठीमागून मनगट हलवून दाखवलं, असं कर, असं. त्याने पेला हलवला. बाबा खूश. "आता घर बघितलं," म्हणाले.

समोरच्या चौकात उतरायला रुंद पायऱ्या आहेत. तिथे झाडाच्या सावलीला बाबा बसले, धाप लागली होती. मला म्हणाले, "बस." मी एक पायरी खाली बसलो. मग त्यांनी रुमालातला दुसरा पेला काढला, ओतली, आणि माझ्यासमोर धरली.

इतक्या वर्षांत दिवानियात मी हजारोंना कॉफी पाजली होती. त्यांच्या हातून मला कधी आली नव्हती. मी दोन्ही हातांनी घेतली. आणि मी काय केलं ते मलाच उशिरा कळलं. मी पेला ओठाला न लावता पायरीवर खाली ठेवला.

याचा अर्थ सांगायला हवा. दिवानियात कुणी मोठी गरज घेऊन आला, की तो त्याला दिलेला फिंजान न पिता खाली ठेवतो. म्हणजे, माझं काम करतो म्हणा, मगच पितो. यजमानाने हो म्हटलं नाही आणि तो पेला तसाच राहिला, तर ती यजमानाची बेअब्रू. खुनाच्या वैरातसुद्धा असा ठेवलेला पेला मानतात म्हणे. मोठी मोठी माणसं फार विचार करून ठेवतात. नोकराने ठेवल्याचं मी कधी बघितलं नव्हतं.

बाबांनी पेल्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरचा रंगच गेला.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"उभा असतो ना मी तिथे. रोज बघतो."

"पी."

मी मान खाली घातली.

"पी म्हणते ना मेल्या!"

"आधी हो म्हणा, बाबा."

माझ्या तोंडून हे गेलं. आठवीतून पळालेल्या माझ्या तोंडून, राजवाड्याच्या दारात. खालून बस गेली, कबुतरं उडाली.

"बोल तर खरं," शेवटी बाबा म्हणाले. आवाज एकदम म्हातारा.

मी एका दमात सांगितलं. मुभा, बेकरी, पोरगी, सही. थोरल्या मुलाचं बोलणं तेवढं गाळलं. पण बाबांना ते गाळलेलंच आधी ऐकू आलं असावं. ते म्हणाले, "म्हणजे मी मेल्यावर काय, त्याची सोय."

मी मान हलवली. तेच होतं.

"किती दिवस पोटात ठेवलंस हे?"

"उन्हाळा लागल्यापासून."

"आणि मी रोज विचारते जेवलास का, तर जेवलो म्हणतोस." त्यांनी काठी पायरीवर आपटली. मग पेल्याकडे न बघता हात हलवला. "हो. दिलं. पी आता, निवली."

मी प्यायलो. थंडगार, कडू.

त्यानंतर परत येईपर्यंत बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ओरडले नाहीत, कॅन्सल केलं नाही. विमानात त्यांनी स्वतःच्या ताटातलं लोणी माझ्या ताटात ठेवलं, पण बघितलं खिडकीतून बाहेर. मी मनात म्हणत होतो, आता हो म्हणाले, पण घरी गेल्यावर मुलं फिरवतील.

मुलांनी प्रयत्न केला. थोरला दिवानियात सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबा, पुढच्या महिन्यात डोळ्यांचं ऑपरेशन आहे. तुमच्या सवयी याला ठाऊक आहेत. आत्ताच कसा सोडता?" हे अरबीत चाललं होतं, पण एवढं अरबी मला कळतं. मी भांडं घेऊन उभा होतो.

बाबा एवढंच म्हणाले, "त्याने फिंजान ठेवला होता."

निवृत्त जज्ज माझ्याकडे वळून बघायला लागला. पुढे त्या विषयावर त्या घरात कुणी बोललं नाही. जे माणूस ऐकत नाही ते रीत ऐकवते, हे मी तेव्हा बघितलं.

मुभा संपायला थोडेच दिवस उरले असताना आम्ही लेबर ऑफिसला गेलो. तिथली गर्दी, घाम, नंबर. बाबांनी खुर्ची नाकारली आणि सगळ्यांसारखे रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "कामगाराबद्दल काही तक्रार?" बाबा म्हणाले, "आहे." मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. "खाल्लं नसलं तरी खाल्लं म्हणतो." त्या माणसाने वर बघितलं, खाली बघितलं, आणि शिक्का मारला. नवा व्हिसा उद्यापासून लागू.

बाहेर पार्किंगमध्ये मी नेहमीसारखं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, तर काठी आडवी आली.

"तू माझा माणूस नाहीस आता. दुसऱ्याच्या माणसाला कामाला लावणं गुन्हा आहे. पोलिसाने धरलं तर? दे चावी."

"बाबा, तुम्हाला दिसत नाही."

"रस्ता मोठा आहे. दिसतो." त्यांचं लायसन्स संपून किती वर्षं झाली होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी चावी ओढून घेतली, गाडीत बसले, आणि मला बाजूला बसवलं. फरवानियापर्यंत आम्ही बैलगाडीच्या वेगाने गेलो. मागून हॉर्न, बाजूने शिव्या. बाबा त्यांना मराठीतून उलट शिव्या देत होते, "मेल्या, तुझी गाडी जळो!" मी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता. बेकरीच्या दारात त्यांनी गाडी फुटपाथवर अर्धी चढवली आणि म्हणाले, "उतर."

मी उतरलो. काही बोलायच्या आत गाडी फुटपाथवरून धपकन उतरली आणि गेली.

मी बेकरीत गेलो नाही. हात दाखवून टॅक्सी थांबवली, पठाण होता, त्याला म्हणालो, "वो सफेद गाड़ी के पीछे. धीरे." तो म्हणाला, "इससे धीरे तो पैदल होता है भाई." रिंग रोडवर बाबा दोन लेनच्या मधोमध चालले होते आणि सगळं कुवेत त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात होतं. संकटात म्हणतात ती कुराणातली आयतुल कुर्सी मी म्हणत होतो. टॅक्सीवालाही म्हणायला लागला.

पोहोचले. फाटकासमोर गाडी आडवी लावून उतरले, धापा टाकत अंगणाच्या बुटक्या कठड्यावर बसले, आणि टॅक्सीतून उतरणाऱ्या माझ्याकडे बघितलं. जरासुद्धा आश्चर्य नाही.

"नवा शेठ पहिल्याच दिवशी सोडतो काय फिरायला?"

"त्याचं उद्यापासून आहे, बाबा."

"आणि माझं?"

"तुमचं झालं. शिक्का पडला."

"मग आज तू कुणाचा?"

मी विचार केला. इथे आल्यापासून असा एक दिवस नव्हता, की मी कुणाच्या तरी नावावर नव्हतो. त्याआधी बोटीच्या तांडेलाचा होतो, त्याआधी बापाचा. आज कागदावर कुणीच नव्हतं.

"कुणाचाच नाही," मी म्हणालो, आणि माझी मलाच धडकी भरली.

बाबांनी कठड्यावरची धूळ हाताने झटकली, स्वतः थोडे सरकले.

"घाबरू नको. मीपण नाही कुणाची. बस."

मी बसलो. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, बांग होईपर्यंत आम्ही दोघं तसेच त्या कठड्यावर बसून होतो, भर उन्हात, रस्ता बघत, एकमेकांचे कुणी नसलेले.